पर्यावरणाच्या आश्वासनांचा हिशेब राजकीय पक्षांकडून कसा मागावा : सांगली जिल्ह्यातील नागरिकांसाठी

सांगली जिल्ह्यात कोणतीही निवडणूक आली की कृष्णेचे प्रदूषण, महापूर, शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला आणि दुष्काळी तालुक्यांचे पाणी हे विषय सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवर येतात. त्यामुळे पक्ष पर्यावरणावर बोलत नाहीत, ही तक्रार निदान आपल्याकडे खरी नाही. अडचण अशी आहे की जे बोलले गेले ते कोणी शब्दशः टिपून ठेवत नाही, आणि टिपले तरी ते काम कोणत्या खात्याचे, त्यासाठी पैसा कोणत्या अंदाजपत्रकातून येणार आणि ते कोणत्या तारखेपर्यंत व्हायचे होते, हे विचारले जात नाही. खाते, पैसा आणि तारीख या तीन गोष्टी जोडल्या नाहीत तर कोणतेही आश्वासन पुढच्या निवडणुकीत जसेच्या तसे पुन्हा वापरता येते. हे तीन दुवे कसे जोडायचे आणि पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा कसा करायचा, एवढेच पुढे सांगितले आहे. ज्या तरुण मंडळांना, महिला बचत गटांना, पूरपट्ट्यातील रहिवाशांना किंवा शेतकऱ्यांच्या गटांना हे काम करायचे आहे, त्यांना कायद्याच्या पदवीची गरज नाही. चिकाटी आणि एक जाड नोंदवही पुरेशी आहे.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जाहीरनाम्यातील आश्वासन पाळले नाही म्हणून पक्षाला न्यायालयात खेचता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये जाहीरनाम्यांसंबंधी जो निकाल दिला, त्यात जाहीरनाम्यातील आश्वासने लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे म्हटले. मात्र त्याच निकालात निवडणूक आयोगाला जाहीरनाम्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे करण्यास सांगितले. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांवर स्वतंत्र भाग आला. आश्वासनामागील कारणमीमांसा जाहीरनाम्यात दिसली पाहिजे आणि त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या मार्गाने उभा राहणार, हे ढोबळमानाने तरी सांगितले पाहिजे, अशी अपेक्षा त्यात नोंदवलेली आहे. ही अपेक्षा मोडली तरी मोठी शिक्षा होत नाही, हे खरे, पण "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न खवचटपणाचा नसून आयोगाच्याच मार्गदर्शक तत्त्वांतला आहे, हे उमेदवाराला शांतपणे सांगता येते. सभेत त्याचा उपयोग वाटतो त्याहून अधिक होतो.

दुसरी मर्यादा माहिती अधिकाराची आहे. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती देण्यास बांधील संस्था, ठरवले, परंतु पक्षांनी तो आदेश अमलात आणला नाही. म्हणजे पक्ष कार्यालयाकडे माहितीचा अर्ज करून हाती काही पडण्याची शक्यता नाही. त्यामुळे कामाची विभागणी सरळ आहे : प्रश्न पक्षाला विचारायचा आणि पुरावा शासकीय कार्यालयातून मिळवायचा. पक्षांच्या देणग्यांविषयीची माहिती मात्र उघड्यावर येते. वीस हजार रुपयांहून अधिक देणग्यांचे विवरण आणि वार्षिक लेखापरीक्षित हिशेब पक्षांना निवडणूक आयोगाकडे द्यावे लागतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द झाल्यानंतर त्यांचीही यादी आयोगाने प्रसिद्ध केली. एखादा मोठा रस्ता, खाण किंवा कारखाना यांबाबत पक्षाची भूमिका अचानक बदलली, तर या याद्या चाळून पाहण्यास हरकत नाही. तथापि देणगी आणि भूमिका यांचा संबंध सिद्ध झाल्याशिवाय तो जाहीरपणे लावू नये.

कोणते आश्वासन निवडावे

"पर्यावरणपूरक विकास", "हरित सांगली", "नदी संवर्धनास प्राधान्य" अशी वाक्ये नोंदवहीत घेण्याची गरज नाही, कारण ती पाळली गेली की मोडली, हे कधीच ठरवता येणार नाही. ज्यात काही मोजता येते अशीच आश्वासने घ्यावीत. त्यानंतर प्रत्येक आश्वासन कोणत्या पातळीवरचे आहे, ते ठरवावे. शहराचे सांडपाणी ही महापालिकेची जबाबदारी आहे, गावाचा कचरा ग्रामपंचायतीचा आहे, नदीची पूररेषा जलसंपदा विभाग आखतो आणि बांधकाम परवानग्या स्थानिक संस्था देतात, तर हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन केंद्र सरकारने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत दिलेले आहे. नगरसेवकाला २०७० विषयी विचारणे म्हणजे त्याला भाषणाची संधी देणे होय. वाळवा आणि शिराळा भागातील नागरिकांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की इस्लामपूर आणि शिराळा हे विधानसभा मतदारसंघ हातकणंगले लोकसभा मतदारसंघात मोडतात. तेथील पत्र सांगलीच्या खासदारांना पाठवून उपयोग नाही.

पातळी ठरवण्याचे महत्त्व महापुराच्या विषयात सर्वांत स्पष्ट दिसते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा मोठा पूर आला. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक सभेत कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचे नाव निघते. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली, त्याविरुद्ध महाराष्ट्रात मोठी नाराजी आहे आणि तिला कारणही आहे. पण राजकीयदृष्ट्या अलमट्टी हा सोयीचा विषय आहे, कारण त्यात दोष दुसऱ्या राज्याचा असतो आणि आपल्या शहरातील कोणालाही दुखवावे लागत नाही. २०१९ च्या महापुरानंतर राज्य शासनाने निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२० मध्ये सादर झालेल्या तिच्या अहवालाने महापुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. असाधारण पाऊस आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे त्याने लक्ष वेधले. जिल्ह्यातील अनेक अभ्यासू कार्यकर्त्यांना अलमट्टीविषयीचा हा निष्कर्ष मान्य नाही. तो वाद आपण येथे सोडवण्याची गरज नाही. आपला प्रश्न एवढाच असावा : आपला पक्ष हा अहवाल मानतो की नाही, मानत नसल्यास कोणत्या कारणाने, आणि मानत असल्यास त्यातील कोणत्या शिफारशी, कोणत्या वर्षी अमलात आणणार?

याच विषयात पूररेषेचा प्रश्न जोडावा. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध आहे, तर निळ्या व लाल रेषांमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. नकाशावरची ही रेषा सरकवण्याची मागणी अधूनमधून होतच असते, आणि ती मागणी कोण करतो हे पाहण्यासारखे असते. महापुराच्या दिवसांत बोटीतून मदत वाटणारा कार्यकर्ता आणि उन्हाळ्यात निळ्या रेषेत भराव टाकण्याची परवानगी मागणारा माणूस एकाच पक्षाचा निघू शकतो. म्हणून उमेदवाराला सरळ विचारावे : निळ्या रेषेच्या आत नवीन परवानगी देण्यास आपला पक्ष महापालिकेच्या सभेत विरोधात मतदान करील का? याचे उत्तर "हो" किंवा "नाही" एवढेच असू शकते, आणि सभेच्या इतिवृत्तावरून ते नंतर पडताळता येते.

हवामान बदलाविषयी विचारताना शब्द जमिनीवर आणावेत. राज्याच्या खात्याचे नावच आता "पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग" असे आहे, त्यामुळे तो विषय आपला नाही असे कोणत्याही पक्षाला म्हणता येत नाही, परंतु "वातावरणीय बदलाबाबत आपली भूमिका काय?" असे विचारले की उत्तर वृक्षारोपणावर येऊन थांबते. तासगाव आणि मिरज भागातील द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाचा प्रश्न आहे, आणि त्याला हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई मिळणे न मिळणे हे महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तेव्हा विचारावे ते असे : आपल्या मंडळातील केंद्र चालू आहे का, ते शिवारापासून किती दूर आहे, त्याच्या नोंदी शेतकऱ्याला गावात कुठे पाहता येतात आणि केंद्रांची संख्या वाढवण्याची मागणी आमदारांनी कोणत्या तारखेच्या पत्राने केली? ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांबाबतही तसेच करावे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांना पाणी मिळालेच पाहिजे. ते उचलण्यासाठी लागणारी वीज कुठून येणार आणि उपसा सौर ऊर्जेवर चालवण्याच्या घोषणेतील किती मेगावॅट प्रत्यक्षात उभे राहिले, हा प्रश्न दुष्काळग्रस्त शेतकऱ्यालाही जवळचा आहे, कारण वीजबिल थकले की आवर्तन थांबते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

नोंदवही

आपल्या जिल्ह्यात निष्ठा पक्षापेक्षा गटाशी अधिक असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातच २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली, आणि २०२४ मध्ये सांगलीने लोकसभेवर अपक्ष उमेदवार निवडून पाठवला. अशा स्थितीत केवळ पक्षाच्या नावाने नोंद ठेवली तर दोन वर्षांनी त्या नोंदीचा धनी कोण, हेच कळेनासे होते. म्हणून प्रत्येक आश्वासनासमोर पक्ष, व्यक्ती आणि त्या वेळचे पद अशा तीन स्वतंत्र नोंदी कराव्यात. व्यक्तीने पक्ष बदलला तर आश्वासन दोघांच्याही खाती राहते : पक्षाच्या, कारण त्याच्या व्यासपीठावरून ते दिले गेले, आणि व्यक्तीच्या, कारण ते तिने स्वतःच्या तोंडाने दिले.

नोंद कशी दिसावी, याचा एक नमुना देतो. विषय : शेरीनाला. आश्वासन : उमेदवाराचे वाक्य जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. कोणी दिले : नाव, पक्ष, प्रभाग. कुठे आणि केव्हा : सभेचे ठिकाण, तारीख, वर्तमानपत्राचे नाव व आवृत्ती. यंत्रणा : सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका, देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. पैसा : अंदाजपत्रकातील लेखाशीर्ष व रक्कम. मुदत : उमेदवाराने सांगितलेली, सांगितली नसेल तर "मुदत दिली नाही" असे स्पष्ट लिहावे, जागा कोरी सोडू नये. पुढील तपासणीची तारीख : ३१ जुलै. शेवटच्या रकान्यात केवळ कागदपत्रांचे क्रमांक असावेत, मते नसावीत.

जाहीरनाम्याची पीडीएफ प्रत प्रसिद्ध झाली त्याच दिवशी उतरवून घ्यावी, कारण निकालानंतर प्रचाराची संकेतस्थळे आणि पाने बंद पडतात. भाषणाची चित्रफीत पूर्ण ठेवावी. मागेपुढे कापलेला तुकडा पुरावा म्हणून टिकत नाही आणि वादाला निमंत्रण देतो.

पुरावा कुठे मिळतो

वरच्या नमुन्यात ३१ जुलै ही तारीख उगाच दिलेली नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ नुसार आयुक्तांनी दर वर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. सांडपाणी, हवा, कचरा, झाडे, ध्वनी यांची आकडेवारी त्यात असते. माझ्या मते नागरिकांच्या हातातील हे सर्वांत दुर्लक्षित साधन आहे, कारण त्यासाठी कोणतीही लढाई करावी लागत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अहवाल मागावा, मागील दोन वर्षांच्या अहवालाशेजारी ठेवून वाचावा आणि कोणते परिच्छेद शब्दशः उतरवलेले आहेत ते रंगीत पेन्सिलीने खुणावे. अहवाल सभेपुढे आला तेव्हा कोणत्या पक्षाचे किती सदस्य बोलले, हे इतिवृत्तात सापडते. पर्यावरणाविषयी पक्षाची खरी कळकळ पाहायची असेल तर ती तेथे पाहावी.

जे असे सहज मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकार आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो. शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, त्यानंतर ३० दिवसांत पहिले अपील आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. आयोगाकडील अपिले दीर्घकाळ प्रलंबित राहतात, त्यामुळे पहिलाच अर्ज असा लिहावा की नाकारणे कठीण जाईल. "शेरीनाल्याचे काम का रखडले?" असे विचारल्यास, कारणे देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही असे उत्तर येते. त्याऐवजी असे लिहावे :

"सन २०२४-२५ या आर्थिक वर्षात शेरीनाल्यातील सांडपाण्याचा उपसा व प्रक्रिया यांसंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. एक, अंदाजपत्रकातील मंजूर तरतूद व प्रत्यक्ष खर्च दर्शवणारा लेखा. दोन, उपसा केंद्राची बारा महिन्यांची वीजदेयके. तीन, पंप चालू व बंद केल्याच्या वेळा नोंदवलेले लॉगबुक. चार, प्रदूषण नियंत्रण मंडळाने या विषयात महापालिकेस दिलेल्या सर्व नोटिसा व त्यांची उत्तरे."

यात वीजदेयके मुद्दाम मागितली आहेत. यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू असल्याचा दावा कोणीही करू शकतो, पण पंप चालला असेल तर त्याची वीज मोजली गेलेली असते, आणि एखाद्या महिन्याचे देयक अचानक निम्म्यावर आले असेल तर त्या महिन्यात सांडपाणी कुठे गेले हे नदीकाठच्या माणसाला समजते. प्रती मागण्याऐवजी कागदपत्रे प्रत्यक्ष पाहण्याचा आणि कामाच्या सामग्रीचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही याच कायद्यात आहे. पानांची संख्या मोठी असेल तर आधी पाहणी मागावी आणि आवश्यक तेवढ्याच पानांच्या प्रती घ्याव्यात.

ग्रामीण भागात पुरावा मिळवण्याची जागा ग्रामसभा आहे. गावाच्या विकास आराखड्यात पाणी, सांडपाणी आणि कचरा यांसाठी काय तरतूद झाली, आणि राज्य शासनाच्या "माझी वसुंधरा" या पर्यावरण अभियानात गावाने जे सादर केले ते प्रत्यक्षात आहे का, हे तेथे विचारावे आणि प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेल्याची खात्री करूनच उठावे.

साखर कारखाना आणि पक्ष

सांगली जिल्ह्यातील पर्यावरणाचे राजकारण साखर कारखान्याला वगळून समजत नाही. पक्षाचा जिल्ह्यातील नेता आणि कारखान्याचा अध्यक्ष एकच असण्याची परंपरा येथे जुनी आहे. कारखाना ऊस घेतो, रोजगार देतो, महापुरात मदतही करतो, आणि त्याच कारखान्याच्या आसवनीतून (मद्यार्क प्रकल्पातून) मळीमिश्रित पाणी ओढ्यात गेल्याची तक्रार करताना सभासद चार वेळा विचार करतो, कारण ऊसतोडीचा क्रम त्याच कार्यालयात ठरतो. हा संकोच समजण्यासारखा आहे आणि त्यावर उपदेश करून उपयोग नाही.

मार्ग मात्र आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेऊन चालणाऱ्या प्रत्येक उद्योगाने मागील आर्थिक वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे असते. त्यात पाण्याचा वापर, सांडपाण्याचे प्रमाण आणि त्यातील प्रदूषक घटक नमूद करावे लागतात. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभाही साधारणपणे ३० सप्टेंबरच्या आतच घ्यावी लागते. मंडळाकडून माहिती अधिकारात मागील वर्षाचे विवरणपत्र व संमतीपत्र मिळवावे, आणि सभेच्या सूचनेत दिलेल्या मुदतीत सभासदाने लेखी प्रश्न पाठवावा. प्रश्न एकट्याने न विचारता ओढ्याकाठच्या पाच-सात सभासदांनी मिळून विचारावा. येथे आपण पक्षाला प्रश्न विचारत नसून संस्थेला विचारत आहोत, त्यामुळे "विरोधकांनी पाठवलेला माणूस" हा शिक्का मारणे अवघड जाते; उत्तर मात्र पक्षाच्या नेत्यालाच द्यावे लागते.

निवडणुकीच्या काळात

पक्षांचे जाहीरनामे मतदानाच्या थोडे दिवस आधी येतात, पण ते लिहिण्याचे काम त्याआधी सुरू झालेले असते. म्हणून मागणीचे पत्र आचारसंहिता लागण्याच्या दोन-तीन महिने आधी सर्व पक्षांच्या जिल्हाध्यक्षांना एकाच मजकुराने, एकाच दिवशी पाठवावे आणि पोच घ्यावी. पत्रात पाचहून अधिक मागण्या नसाव्यात. वीस मागण्यांच्या पत्राला "सकारात्मक विचार करू" असे उत्तर देणे सोपे असते. पाच मागण्यांना प्रत्येकी होकार किंवा नकार द्यावा लागतो. उत्तर आले नाही तर "उत्तर दिले नाही" हीच नोंद प्रसिद्ध करावी.

सर्वपक्षीय उमेदवारांची संवादसभा घेतल्यास प्रत्येकाला सारखा वेळ द्यावा आणि प्रश्न आधीच लेखी कळवावेत. उमेदवाराला अडचणीत पकडण्याची हौस असलेला सूत्रसंचालक टाळावा. टाळ्या मिळतात, पण उत्तर मिळत नाही. छापील पत्रक काढायचे असेल तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. एखाद्या उमेदवाराच्या प्रचारासाठी त्याच्या लेखी परवानगीविना खर्च करणे हाही गुन्हा आहे, त्यामुळे तुलनात्मक पत्रकात "यांना मत द्या" असा सूर येऊ देऊ नये. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभा घेता येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

निवडून आल्यानंतरची पाच वर्षे

येथेच बहुतेक गट थकतात, आणि पक्षांनाही ते माहीत असते. त्यामुळे पाठपुरावा उत्साहावर न सोडता शासकीय वेळापत्रकाला बांधावा. मार्चमध्ये राज्याचे अर्थसंकल्पीय अधिवेशन असते, त्यानंतर पावसाळी अधिवेशन मुंबईत आणि डिसेंबरच्या सुमारास हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. प्रत्येक अधिवेशनाच्या काही आठवडे आधी आपल्या आमदारांना तारांकित प्रश्नाचा (ज्याचे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते अशा प्रश्नाचा) तयार मसुदा द्यावा, कारण आयता आणि नेमका मसुदा मिळाला की तो पुढे जाण्याची शक्यता वाढते. आमदार सत्ताधारी पक्षाचे असतील आणि प्रश्न विचारण्यास कचरत असतील, तर तोच मसुदा दुसऱ्या पक्षाच्या सदस्याला देण्यात काही गैर नाही. मंत्र्यांनी सभागृहात "करू" असे म्हटले की ते आश्वासन ठरते, आणि त्याचा मागोवा घेण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. जाहीर सभेतील शब्दापेक्षा सभागृहातील शब्द कितीतरी जड असतो. आपली खटपट पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात करण्याची असावी.

जिल्हा नियोजन समितीकडेही लक्ष हवे. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा तेथे वाटला जातो. जो पक्ष नदी संवर्धनाची भाषा करतो, त्याच्या पालकमंत्र्यांच्या काळात पर्यावरण या शीर्षाखाली किती निधी ठेवला आणि मार्चअखेर किती खर्च झाला, एवढे दोन आकडे दर वर्षी नोंदवहीत आले पाहिजेत.

जनसुनावणी हा आणखी एक प्रसंग आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पाहण्यास ठेवावा लागतो. सूचना येताच सर्व पक्षांना पत्र लिहून लेखी भूमिका मागावी. सुनावणीत गावकरी बोलतात आणि पक्षांचे प्रतिनिधी मागच्या रांगेत बसून राहतात, हे दृश्य जिल्ह्याला नवे नाही. कोण आले, कोण बोलले आणि काय बोलले हे इतिवृत्ताशी ताडून लिहून ठेवावे.

शिराळा तालुक्यातील चांदोलीच्या आजूबाजूच्या गावांसाठी पश्चिम घाटातील पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न असाच आहे. केंद्राने २०१४ पासून २०२४ पर्यंत या अधिसूचनेचे सहा मसुदे काढले आणि प्रत्येक वेळी हरकतींसाठी ६० दिवस दिले. इतक्या वर्षांत पक्षांनी गावांना वाटणारी निर्बंधांची भीती बहुधा तशीच ठेवून दोन्हीकडे गोड बोलण्याचा मार्ग पत्करला. पक्षाला विचारावे, की कोणते गाव यादीतून वगळावे असे आपले म्हणणे आहे, कोणत्या निकषावर, आणि ते आपण हरकतींच्या मुदतीत केंद्राला लेखी कळवले होते काय?

नेमकी मागणी कशी चालते, याचे उदाहरण मिरज तालुक्यातच आहे. भोसे येथील सुमारे चारशे वर्षांचा सांगितला जाणारा वटवृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. २०२० मध्ये स्थानिक लोकांनी आणि वृक्षप्रेमींनी महामार्गाला सरसकट विरोध न करता त्या ठिकाणी आखणी बदलण्याची मागणी लावून धरली, राज्याच्या तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना त्यासाठी पत्र लिहिले, आणि आखणीत बदल करून झाड तेव्हा वाचवण्यात आले. राज्यातील आणि केंद्रातील मंत्री परस्परविरोधी आघाड्यांचे होते, तरीही हे घडले.

प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करताना

वर्षातून एकदा नोंदवहीतील निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. शंभरपैकी गुण देण्याचा मोह टाळावा, कारण मग चर्चा कामावर न होता गुणांवर होते. "पूर्ण झाले", "सुरू आहे", "हललेले नाही" आणि "उलट दिशेने गेले" असे चार शेरे पुरेसे आहेत. विरोधी पक्षालाही या मोजमापातून सोडू नये. त्याच्या हाती निधी नसतो, पण प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, आणि त्याने तो किती वेळा वापरला हे मोजता येते. प्रसिद्धीपूर्वी मसुदा संबंधित पक्षांना पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि आलेले उत्तर शेऱ्याच्या खालीच छापावे. यामुळे चूक असल्यास दुरुस्त होते आणि बदनामीच्या नोटिशीची शक्यताही कमी होते. गटातील कोणी एखाद्या पक्षाचा पदाधिकारी असेल तर तेही प्रगतिपुस्तकात लिहावे. ज्यांचे प्रगतिपुस्तक काढायचे त्यांच्याकडून छपाईचा खर्च घेऊ नये, मग देणारा कितीही घरचा असो.

एवढे करूनही एखादे उल्लंघन थांबत नसेल तर राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील ३० दिवसांत करावे लागते. सबळ कारण दाखवल्यास लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतो. इतर पर्यावरणीय वादांसाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. लवाद दंड करू शकतो आणि आदेश देऊ शकतो, मात्र आदेशाची अंमलबजावणी पुन्हा त्याच महापालिकेकडे आणि त्याच खात्याकडे येते. म्हणून अर्ज दाखल झाला त्या दिवशी नोंदवही बंद न करता त्यात नवीन पान घालावे : आदेशाची तारीख, अंमलबजावणीची मुदत, आणि त्यासाठी तरतूद करण्याचा ठराव सभेत आला तेव्हा कोणत्या पक्षाने कोणत्या बाजूने मत दिले.